गावच्या रस्त्याची फाइल बघायची आहे? आधी कागदाचं नाव शिका

माझा पहिला माहिती अधिकाराचा अर्ज एका ओळीचा होता. "शाळेकडे जाणारा सिमेंटचा रस्ता सहा महिन्यांत का उखडला आणि याला जबाबदार कोण?" अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं, तेही एका ओळीचं: "आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." तेव्हा डोकं फिरलं होतं. आज म्हणेन, त्या उत्तरात चूक नव्हती. माहिती अधिकार कायद्याने आपल्याला कार्यालयात असलेला कागद मिळतो. 'का' आणि 'कोण' यांची उत्तरं तयार करून द्यायला अधिकारी बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे.

दुसऱ्या अर्जात मी प्रश्न विचारलाच नाही, सहा कागद नावानिशी मागितले. ते मिळाले. त्यातल्या मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीत, रस्त्याची लांबी १८० मीटर, रुंदी ३ मीटर आणि जाडी १५ सेंटिमीटर लिहिलेली होती. आम्ही तिघं टेप घेऊन गेलो. रस्ता १६२ मीटरला संपला. म्हणजे आठेक घनमीटर काँक्रीट फक्त कागदावर ओतलेलं. 'जबाबदार कोण' हे मग विचारावं लागलं नाही, पानाखाली सह्या होत्याच.

हा लेख महाराष्ट्रातली ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिका यांचं दप्तर पहिल्यांदाच बघू पाहणाऱ्यांसाठी आहे. वकील लागत नाही. चिकाटी लागते, आणि कागदांची नावं यावी लागतात.

पहिलं काम: कागद कुणाच्या कपाटात आहे ते ठरवा

नवखा माणूस इथेच सगळ्यात जास्त फसतो. गावात दोन दप्तरं असतात आणि दोन्हीकडच्या नोंदवह्यांना 'नमुना' म्हणतात. तलाठ्याकडे (पदाचं नवं नाव ग्राम महसूल अधिकारी) महसुलाचं दप्तर: सातबारा, फेरफार, आठ-अ. ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) पंचायतीचं दप्तर: नमुना १ ते ३३. तलाठ्याचा आठ-अ म्हणजे खातेदाराच्या नावावरची एकूण जमीन. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरांची कर आकारणी नोंदवही. घराचा उतारा हवा म्हणून तलाठ्याकडे खेटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना "आमच्याकडे नाही" एवढंच सांगून परत पाठवणारेही.

पंचायतीच्या नमुन्यांपैकी चार-पाच लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम भागतं. नमुना १ अर्थसंकल्प. नमुना ५ रोकड वही, म्हणजे कॅशबुक. पैसा कधी आला आणि कुणाला गेला ते इथे. नमुना ८ कर आकारणी, नमुना ९ कराची मागणी. नमुना ३३ तर झाडांची नोंदवही आहे. रस्त्याकडेची वडाची झाडं रातोरात तोडली गेली तर ती मुळात नोंदलेली होती का, हे तिथे कळतं. याशिवाय ग्रामसभा आणि मासिक सभेची इतिवृत्तं, म्हणजे प्रोसिडिंग बुक.

बांधकामाचा मामला वेगळा. पैसे ग्रामपंचायतीने दिले तरी मोजमाप अभियंता घेतो, त्यामुळे मोजमाप पुस्तिका बरेचदा पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात असते. शहरात ती त्या त्या खात्याच्या अभियंत्याकडे. पण चुकीच्या दारात अर्ज पडला तरी घाबरू नका. कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे तो अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवून तुम्हाला तसं कळवणं हे त्यांचं काम आहे. "इथे नाही, तिकडे जा" असं तोंडी सांगून अर्ज परत देता येत नाही.

आणि एक: तुम्हाला स्वतःचा दाखला हवा असेल, जन्माचा, मृत्यूचा, घराचा उतारा, तर माहिती अधिकाराच्या वाटेला जाऊच नका. त्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अर्ज थेट करा किंवा 'आपले सरकार' वरून करा. किती दिवसांत दाखला मिळायला हवा हे त्यात ठरलेलं असतं.

मग घरबसल्या जे दिसतं ते बघून घ्या

ई-ग्रामस्वराज हे केंद्राचं पोर्टल आहे. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत गेलात की गावाचा विकास आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीतून झालेला खर्च दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात हा निधी बंधित आणि अबंधित असा दोन भागांत यायचा: ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे. आपल्या गावात 'पाणीपुरवठा दुरुस्ती' या नावाखाली नक्की काय काय बसवलं आहे ते एकदा बघाच. करमणूक होते.

शहरातल्यांनी महापालिकेच्या संकेतस्थळावर अंदाजपत्रक आणि सभेचे ठराव शोधावेत, निविदा महाटेंडर्स या राज्याच्या निविदा पोर्टलवर. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबींची माहिती कुणी न मागता जाहीर करायची असते. कर्मचारी कोण, अधिकार काय, अंदाजपत्रक किती, अनुदानाचे लाभार्थी कोण, हे सगळं त्यात येतं. बहुतेक ठिकाणी ही माहिती जुनी असते किंवा अर्धवट. पण जेवढी सापडेल तेवढी उतरवून घ्या, कारण अर्जात कामाचं नेमकं नाव, वर्ष आणि योजना लिहिता आली तर निम्मी लढाई इथेच जिंकता येते. "गावातल्या सगळ्या रस्त्यांची माहिती" आणि "सन २०२२-२३, वित्त आयोग, शाळा ते मारुती मंदिर सिमेंट रस्ता" यांना मिळणारी उत्तरं अगदी वेगळी असतात.

गावकऱ्यांना आणखी एक फुकटची जागा आहे, ग्रामसभा. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा हिशेब ठेवावा लागतो. तो वाचून दाखवला जातो की "मंजूर, मंजूर" म्हणत पुढे सरकतात, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

तिसरी पायरी: सोमवारी दुपारी जाऊन बसा

ही सोय फार कमी लोकांना माहीत आहे, आणि माझ्या मते अर्जापेक्षा ती मोठी आहे. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने नोव्हेंबर २०१८ मध्ये परिपत्रक काढलं: जिल्हा स्तरावरची आणि त्याखालची कार्यालयं, तसंच स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख, म्हणजे दप्तरातले कागद, बघायला उपलब्ध करून द्यावेत. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुण्याच्या महापालिकेत हा प्रघात आधीच पडला होता.

जाताना वही, पेन, ओळखपत्र आणि त्या परिपत्रकाची छापील प्रत न्या. "असं काही आमच्याकडे आलेलं नाही" हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. तेव्हा वाद न घालता प्रत पुढे सरकवायची. तरीही नाहीच म्हणाले तर माहिती अधिकाराच्या अर्जातही 'अवलोकन' मागता येतं. तिथे पहिला तास फुकट असतो, पुढच्या वेळेला नाममात्र शुल्क.

फाइल समोर आली की एकदम वाचत सुटू नका. आधी पानांना क्रमांक घातलेत का ते बघा. मग टिपणी आणि पत्रव्यवहार हे दोन भाग ओळखा. टिपणीत कुणी काय सुचवलं आणि कुणी सही केली ते असतं, आणि खरी गोष्ट तिथेच दडलेली असते. हवी ती पानं वहीत क्रमांकासह लिहा: "पान ४१, कार्यारंभ आदेश; पान ५८, देयक." (कार्यारंभ आदेश म्हणजे काम सुरू करायचा आदेश, देयक म्हणजे बिल.) पुढे प्रती मागताना हेच क्रमांक द्यायचे. दीडशे पानांचे पैसे भरण्याऐवजी बारा पानांचे भरता.

बघण्यासारखा एकच कागद निवडायचा झाला तर मी लेखापरीक्षण अहवाल निवडेन. स्थानिक निधी लेखापरीक्षावाले दप्तर तपासून आक्षेप लिहून ठेवतात: प्रमाणक (व्हाउचर) नाही, निविदा न काढता खरेदी, साठा नोंदवहीत नोंद नाही. आपल्याला जे शोधायला महिना लागेल ते तिथे आयतं क्रमांक घालून लिहिलेलं असतं. त्याच्या जोडीला 'अनुपालन अहवाल' बघा, म्हणजे आक्षेपांना पंचायतीने काय उत्तर दिलं ते. कित्येकदा तो नसतोच.

चौथी: अर्ज

महाराष्ट्राच्या नियमांत नमुना ठरलेला आहे, जोडपत्र 'अ'. स्टेशनरीच्या दुकानात छापील मिळतो, कोऱ्या कागदावर तेच मुद्दे लिहिले तरी चालतं. शुल्क १० रुपये. सगळ्यात सोपं म्हणजे कोर्ट फी तिकीट लावणं. पोस्टाचं तिकीट नव्हे! हसू नका, असे अर्ज येतात. रोख भरलेत तर पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची.

राज्याच्या नियमांत २०१२ पासून दोन अटी आहेत: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. या अटींवर टीका झाली, मलाही त्या फारशा पटत नाहीत, पण त्यांच्यामुळे अर्ज नेटका होतो हे कबूल करतो. माझा दुसरा अर्ज साधारण असा होता:

विषय: शाळा ते मारुती मंदिर सिमेंट रस्ता या कामाचे अभिलेख.
कालावधी: १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२३.
आवश्यक माहितीचे वर्णन: वरील कामाच्या पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. (१) प्रशासकीय मान्यता व तांत्रिक मान्यतेचे आदेश (२) अंदाजपत्रक (३) कार्यारंभ आदेश (४) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची पाने (५) देयके व प्रमाणके (६) काम पूर्णत्वाचा दाखला.
माहिती व्यक्तिशः हवी.

बस. माहिती कशासाठी हवी ते लिहायचं नाही आणि कुणी विचारलं तर सांगायची सक्तीही नाही. संपर्कापुरता पत्ता सोडून दुसरा वैयक्तिक तपशील मागता येत नाही, असं कलम ६(२) सांगतं. "भ्रष्टाचार झाला आहे", "तातडीने चौकशी करा" अशी वाक्यं गाळा. अर्ज म्हणजे तक्रार नव्हे. दोन्ही एकाच कागदावर आलं की उत्तर देणाऱ्याला पळवाट मिळते.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ही पोच म्हणजे तुमचा सगळा पुरावा. ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा कारभार असतो, तो जागेवर सापडेलच असं नाही, आणि शिपाई "साहेब नाहीत, नंतर या" म्हणतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा जाऊ नका, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. पाकिटावर 'जन माहिती अधिकारी, ग्रामपंचायत कार्यालय' असं पद लिहा, माणसाचं नाव नको. माणूस बदलतो.

छोट्या गावात अर्ज कुणी टाकला हे संध्याकाळपर्यंत पारावर कळतं, हेही सांगितलं पाहिजे. राज्यात माहिती मागणाऱ्यांवर हल्ले झाले आहेत. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. प्रकरण वाळूचं, जमिनीचं किंवा मोठ्या ठेक्याचं असेल तर एकट्याने जाऊ नका; चार-पाच जणांनी वेगवेगळे अर्ज करा. नमुना ८ च्या उताऱ्यासाठी मात्र एवढी भीती बाळगायचं कारण नाही, आणि ग्रामसेवकाशी आधी दोन शब्द गोड बोललं तर पुष्कळ कागद अर्जाविनाच बघायला मिळतात.

तीस दिवसांचा हिशेब

अर्ज पोचल्यापासून ३० दिवसांत उत्तर यायला हवं. सहायक माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज दिला असेल तर आणखी पाच दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण रस्त्याच्या फाइलला हे कलम लावू नका.

मधेच एक पत्र येतं: इतकी पानं, दर पानाला २ रुपये, एवढी रक्कम भरा. मला ४६ पानांचे ९२ रुपये आले होते. हे पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचा काळ तीस दिवसांत मोजत नाहीत, म्हणून भरायला उशीर केलात तर तो तुमच्याच खात्यावर जमा. मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली तर मात्र ती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). पस्तिसाव्या दिवशी "ऐंशी रुपये भरा" असं पत्र आलं तर हे कलम लिहून कळवा.

नकाराची पत्रं वाचायला शिका

नकार ठरावीक साच्यातून येतात. "माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने कलम ७(९) अन्वये देता येत नाही." हे कलम नीट वाचलं तर ते फक्त माहितीचं स्वरूप बदलायची मुभा देतं, नाकारायची नाही. फार पानं असतील तर बघायला बोलवा, असा त्याचा अर्थ. तेच लिहून अवलोकनाची तारीख मागा.

"संचिका आढळून येत नाही." हे सगळ्यात आवडतं उत्तर. फाइल गहाळ असणं हे कायद्यातल्या नकाराच्या कारणांत कुठेही नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं आहे की अशा वेळी कसून शोध घेऊन जबाबदारी निश्चित करायला हवी. सरकारी कागद जपण्यासाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र अभिलेख कायदाही आहे. तेव्हा पुढचा अर्ज असा करा: ही संचिका शेवटची कुणाच्या ताब्यात होती त्या नोंदीची प्रत, ती गहाळ झाल्याबद्दल काही अहवाल किंवा तक्रार असल्यास त्याची प्रत, आणि ती नियमाप्रमाणे नष्ट केली असल्यास नाश केलेल्या कागदांच्या यादीची प्रत. माझ्या ओळखीच्या एकाची हरवलेली फाइल या अर्जानंतर नऊ दिवसांत सापडली. म्हणे दुसऱ्या कपाटात होती.

"वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ)." इथे जरा जपून. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हे कलम आणखी कडक केलं, त्यामुळे कुणाचा पगार, रजा, मालमत्ता मागणारे अर्ज आता सहज अडतात. पण कलम ८(२) शाबूत आहे: लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते. शिवाय कलम १० प्रमाणे पानावरचा न देण्याजोगा भाग झाकून उरलेलं पान द्यावं लागतं. आधार क्रमांक झाकतील, देयकाची रक्कम झाकायचं कारण नाही.

अपील

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील. जोडपत्र 'ब', २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. ग्रामपंचायतीच्या बाबतीत अपिलीय अधिकारी पंचायत समितीत बसतो. त्याचं पद उत्तराच्या पत्राखाली लिहिलेलं असायला हवं. नसेल तर कार्यालयातला फलक बघा. निर्णय ३० दिवसांत, कारणं नोंदवून फार तर ४५ दिवसांत.

तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, जोडपत्र 'क', पुन्हा २० रुपये. मुंबईखेरीज पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि कोकण अशी खंडपीठं आहेत. तुमचा जिल्हा ज्याच्याकडे येतो तिथे पाठवा. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करण्याचा अधिकार आयोगाला आहे. मात्र तिथे प्रकरणांचा ढीग मोठा आहे आणि पाळी यायला फार वेळ लागतो. म्हणून माझा सगळा जोर पहिल्या अपिलावर असतो.

सुनावणीला वेळेवर जा. अर्ज, पोच, पैशाची पावती, आलेलं उत्तर आणि पाकिटसुद्धा तारखेच्या क्रमाने लावून न्या; पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का उशीर सिद्ध करतो. भाषण करू नका. "सहापैकी चार कागद मिळाले, क्रमांक चार आणि पाच मिळाले नाहीत," एवढं पुरतं. माझ्या वेळी गंमत अशी झाली, की मोजमाप पुस्तिका आणि देयकं त्या दिवशीच पिशवीतून निघाली आणि तिथल्या तिथे माझ्या हातात आली. सोबत एक टंकलेला कागद सहीसाठी पुढे आला: "मागितलेली सर्व माहिती मिळाली असून माझे समाधान झाले आहे." मी 'सर्व' आणि 'समाधान' असलेली ओळ खोडली, खाली हाताने लिहिलं, "११ पाने मिळाली, तपासून कळवतो," आणि तारीख घालून सही केली.